कोळ्याचं कूळ सांगते, जात विचारू नका

कोळ्याचा फोटो पाठवून "हा कोणता गं?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे. कूळ सांगते, जात विचारू नका. (एरवीही विचारू नये, पण इथे कारण वेगळं आहे.) लोकांना वाटतं मी भाव खाते. फुलपाखरू असतं तर फटकन सांगितलं असतं. कोळ्यांच्या बाबतीत मात्र फोटो एका टप्प्यापर्यंतच साथ देतो. तो कुठवर, हे एकदा सविस्तर लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

निमित्त कर्जतच्या चुलतभावाचं. लावणी उरकली की दादाचे फोटो सुरू होतात. या वेळी आलेली बाई भाताच्या चुडाशी, अगदी पाण्यालगत बसलेली. पाठीमागे मळकट पांढरी गोळी चिकटलेली. खाली प्रश्न : "बाय, ही गाठोडं घेऊन पळते ती कोण?"

कूळ सांगायला मला त्या गाठोड्याचीच मदत झाली. ती अंड्यांची पिशवी. लांडगा कोळ्यांच्या, म्हणजे लायकोसिडी कुळातल्या माद्या ती शरीराच्या मागच्या टोकाला, रेशीम सोडणाऱ्या नळ्यांना चिकटवून हिंडतात. यांच्यासारखेच दिसणारे पिसॉरिडी कुळातले कोळी तीच पिशवी जबड्यात धरून पुढे मिरवतात. पिशवी कुठे आहे पाहा, अर्धं काम झालं.

पिशवी नसेल तर डोळे पाहा. आठ डोळे, तीन रांगांत : खाली चार बारके, त्यांच्या वर समोर रोखलेले दोन मोठे टपोरे, आणि त्यांच्याही मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला दोन मध्यम. चार-दोन-दोन. ही मांडणी स्पष्ट दिसली की लांडगा कोळी. रात्री बॅटरी कानशिलाला टेकवून बांधावर उजेड टाकलात तर गवतात हिरवट-निळे ठिपके लुकलुकतात ते याच डोळ्यांमुळे. आत प्रकाश परतवणारा थर असतो, आठांपैकी फक्त पुढच्या रांगेतल्या मधल्या जोडीत तो नसतो. बॅटरी कमरेजवळ धरून उपयोग नाही, परत येणारा उजेड तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

जाळं न विणणारा तो लांडगा कोळी, असं मात्र धरून चालू नका. पावसाळ्यात सकाळी बांधावरच्या गवतात दवाने भरलेली जी चादरीसारखी जाळी दिसतात, एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखं बीळ असलेली, त्यातली बरीचशी हिपासाची असतात. आणि हिपासा लायकोसिडीतलाच.

इथवर फोटोने निभावलं. आता प्रजाती, म्हणजे कूळ आणि जात यांच्या मधला गट. दादाच्या फोटोतल्या मादीचं डोकं उंच, दोन्ही कडा जवळजवळ सरळ उभ्या, पाय सडपातळ आणि त्यांवर लांबलचक काटे. ही लक्षणं पार्डोसाची. खात्री करायची तर चौथा पाय मोजायचा : पंजाच्या आधीचा लांब सांधा हा गुडघा आणि नळी मिळून जेवढे होतात तेवढा किंवा जास्त भरायला हवा. शिवाय शिरोवक्षावर (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावर) फिकट पट्टा, पुढे दुभंगून रुंद झालेला, आणि त्यात दोन गडद काड्या. भातखाचरातली एक सेंटिमीटरच्या आसपासची अशी मादी पाहिली की तोंडात नाव येतंच : पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा. भारतापासून जपानपर्यंत भातशेतीतला हा नेहमीचा कोळी. पण तोंडात आलेलं नाव लेबलवर लिहायचं नसतं. पार्डोसा बिर्मानिका आणि पार्डोसा सुमात्राना याही आपल्याकडच्याच, आणि कोळ्याच्या अंगावरची नक्षी वयाने बदलते, अल्कोहोलमध्ये पुसट होते.

जात ठरते ती जननांगांवर. नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, पेडिपाल्प. प्रौढ नरात त्यांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलेली दिसतात. नर आधी एक चिमुकलं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि तो या टोकांमधल्या कंदात शोषून घेतो. मीलनाच्या वेळी तो सोडायची बारीक नळी कशी वळते, शेजारचा आकडा कुठल्या कोनात बाहेर येतो, यावर निवाडा. जवळच्या बऱ्याच कुळांत पाल्पच्या नळीवर, म्हणजे फुगलेल्या टोकाच्या आधीच्या सांध्यावर, बाहेरच्या बाजूला एक टोचासारखा उंचवटा असतो. लायकोसिडीत तो नसतो. १९८६ साली चार्ल्स डोंडेल यांनी या कुळाची पाच उपकुळं पाडली तीही मुख्यतः नराच्या पाल्पवरूनच. पार्डोसिनी हे त्यातलं एक.

मादीत पोटाच्या खालच्या बाजूला एपिगाइन नावाची कडक पट्टी असते. ती पाहणं हा खरा वैतागाचा भाग. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कोळी सरळ राहत नाही, सारखा कुशीवर वळतो. म्हणून बशीत बारीक रेती पसरायची आणि त्यात तो पोट वर करून रुतवायचा. चिमटा लागला की पाय निखळतोच. बाहेरून पाहून भागलं नाही तर पट्टी कापून काढायची, कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ भाग विरघळू द्यायचा आणि लवंगेच्या तेलात ठेवून आतल्या वीर्यसाठवणीच्या पिशव्या पाहायच्या. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी दातांच्या दवाखान्याचा वास येतो. पिल्लांत यातलं काहीच तयार झालेलं नसतं, म्हणून पिल्लाची जात नुसत्या डोळ्यांनी ठरवणं जवळपास अशक्य. दादाच्या त्या पिशवीतली पिल्लंही आई शिवण उसवून बाहेर काढेल, तिच्या पाठीवरच्या गाठाळ टोकांच्या केसांना धरून ती काही दिवस फिरतील, आणि आई समोर असेल तोवरच मला त्यांचं कूळ-मूळ सांगता येईल.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्याला ज्या ग्रंथाशिवाय पुढे सरकता येत नाही तो पुण्यातच तयार झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर आणि एम. एस. मल्होत्रा यांचा भारतातल्या लांडगा कोळ्यांवरचा खंड १९८० साली आला. लायकोसा पूनाएन्सिस, लायकोसा महाबळेश्वरेन्सिस ही नावं त्यांचीच. त्यातली रेखाचित्रं मी आजही उघडते. पण तिथे लायकोसा म्हटलेलं आजच्या काटेकोर अर्थाने लायकोसा असेलच असं नाही. खरा लायकोसा भूमध्य समुद्राच्या परिसरातला, आणि आशियातल्या बऱ्याच जाती त्यात केवळ सोय म्हणून भरल्या गेल्या.

आमच्या खाचरवालीचंही हेच झालं. १९०६ साली बोसेनबर्ग आणि स्ट्रँड यांनी जपानच्या कोळ्यांवरच्या ग्रंथात तिचं वर्णन केलं, तेव्हा ती टॅरेंटुला. मग लायकोसा झाली. आता पार्डोसा. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं जुनं साहित्य काढा, तिथे ती लायकोसा म्हणूनच भेटते.

आणि ते साहित्य वाचण्यासारखं आहे. हा कोळी पाण्यावरून धावतो, चुडाच्या बुंध्याशी दबा धरतो, म्हणजे नेमका तपकिरी तुडतुडे रस शोषत बसतात तिथे. दिवसाला पाच ते पंधरा भक्ष्यं फस्त करतो असं ती संस्थाच सांगते. आता फवारा मारला की काय होतं? तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात पेशींमध्ये खुपसलेली असतात, ती बऱ्यापैकी वाचतात. कोळी उघड्यावर, तो मरतो. अंडी फुटतात तेव्हा खाचरात खाणारं कुणी नसतं. इंडोनेशियात हे इतक्या थराला गेलं की १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. दादाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मग जात कुठली का असेना!" त्याच्यापुरतं बरोबर आहे. बांधावर उभं राहून कूळ ओळखलं तरी फवारा खाली ठेवायला तेवढं पुरतं.

माझं मात्र भागत नाही. कुठल्या औषधाने हा कोळी किती मरतो, किती तुडतुडे खातो, याचे जुने प्रयोग लायकोसा या नावाखाली पडून आहेत. नुसतं पार्डोसा टाकून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडत नाहीत आणि मग तो बिनधास्त लिहितो की या विषयावर फारसं काम झालेलं नाही. असा प्रबंध माझ्याकडे तपासायला आला की पहिल्याच पानावर मी पेन्सिलीने तिन्ही नावं लिहून परत पाठवते.