पुराचं पाणी लागलेली ८००

आज सांगलीत दिवसभर पुरात भिजलेल्या मारुती ८०० चे मागचे ब्रेक उघडले. दोन्ही व्हील सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक शू ड्रमवर ढकलणारे छोटे सिलिंडर, गंजून जाम. चाकामागचा ब्रेक ड्रम निघेना म्हणून हातोडा घालू नका, बीड म्हणजे ओतीव लोखंड आहे, तडकतं. ड्रमला आट्यांची दोन भोकं असली तर त्यांत बोल्ट घालून आलटून पालटून आवळा, ड्रम अलगद सुटतो.

व्हील सिलिंडरमधले रबरी कप पेट्रोल-डिझेलनं धुतले की फुगतात आणि ब्रेक धरून राहतो. धुवायला ब्रेक ऑइलच घ्या, तेही सीलबंद डब्यातलं, कारण उघडं ऑइल हवेतली ओल ओढतं. सिलिंडरच्या आत नख फिरवा. खड्डा लागला तर नुसत्या नव्या रबरांच्या किटवर पैसे घालवू नका, अख्खा सिलिंडर बदला.

सगळ्यात जीव तुटतो तो इंजिनसाठी. पाणी ओसरलं की लोक आधी चावी फिरवतात! इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसेल तर विमा कंपनी ‘हे नंतरचं नुकसान’ म्हणून क्लेम अडवते. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्यात, तर पुराचं काहीच मिळत नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, दारावरच्या गाळाच्या रेषेचे फोटो घ्या, कंपनीला कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत गाडी धुऊसुद्धा नका.