बंड्याचे कोरडे डोळे

'डोळे कोरडे पडलेत याचे,' असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा आम्हाला ते पटेचना. आमच्या कुत्र्याचे, बंड्याचे, डोळे तर सदान्‌कदा चिपडांनी भरलेले. तीही साधी चिपडं नव्हेत. पिवळट-हिरवी, पुसायला गेलं की तार सुटणारी. सकाळी पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असायच्या. आधीच्या वेटनी (प्राण्यांच्या डॉक्टरांनी) डोळे आलेत म्हणून अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले होते. ते चालू असेपर्यंत बरं वाटायचं, थांबवले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून शेवटी नेत्रतज्ज्ञ वेटकडे गेलो.

तिथे सगळ्यात आधी झाली ती शर्मर टेस्ट. टिपकागदाची एक अरुंद पट्टी, तिचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवतात आणि एक मिनिट तशीच राहू देतात. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात. ओल कुठवर चढली ते वाचायचं, बस्स. निरोगी कुत्र्यात ती मिनिटाला १५ मिमीच्या पुढे जाते. १० ते १५ म्हणजे शंकेला जागा, ५ च्या खाली म्हणजे आजार चांगलाच बळावलेला. बंड्याच्या उजव्या डोळ्याची पट्टी ७ वर थांबली, डाव्याची ४ वर. त्यानंतर डोळ्यात फ्लोरेसिनचा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम असती तर तेवढा भाग हिरवा चमकला असता. ती नव्हती, पण डाव्या कॉर्नियावर बारीक रक्तवाहिन्या सरकू लागल्या होत्या आणि एका कडेला तपकिरी डाग धरला होता.

मग एवढी चिपडं कुठून? डॉक्टरांनी कागदावर अश्रूंचे तीन थर काढून दाखवले: वर तेलाचा, मध्ये पाण्याचा, खाली चिकट म्यूसिनचा. या आजारात पाणी आटतं आणि चिकट भाग तेवढा मागे राहतो. धुऊन निघायला पाणीच नाही म्हटल्यावर तो साचतो, त्यात जंतू वाढतात. ड्रॉप्सने जंतू मरत होते, पण पाणी काही येत नव्हतं.

हे पाणी प्रत्येक डोळ्याला दोन ग्रंथींकडून मिळतं. एक डोळ्याच्या वर, दुसरी तिसऱ्या पापणीत, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असते त्या जादा पापणीत. बहुतेक कुत्र्यांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या ग्रंथींवर उलटते. आमचा बंड्या कॉकर स्पॅनियल, म्हणजे ज्या जातींत हे जास्त दिसतं त्यातलाच. पग, शित्झू, ल्हासा आप्सो, बुलडॉग, वेस्टी हेही त्याच यादीत. तरी डॉक्टरांनी बाकीच्या शक्यता एकेक करून विचारल्या. कधी डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) झाला होता का? सल्फाची औषधं (जंतूंवरच्या औषधांचा एक प्रकार) चालू होती का? थायरॉइड, डायबेटिस? चेरी आय झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या पापणीतली ग्रंथी लाल गोळ्यासारखी बाहेर आल्यावर, ती काढून टाकली होती का? ती ग्रंथी काढली की पुढे डोळा कोरडा पडायची भीती असते, म्हणून आता ती शिवून जागेवर बसवतात. नाकपुडीसुद्धा हात लावून पाहिली. त्याच बाजूची नाकपुडी कोरडी असेल तर दोष मज्जातंतूचा असू शकतो आणि उपचाराची दिशाच बदलते. बंड्याचं नाक मस्त ओलं होतं.

औषध ठरलं सायक्लोस्पोरिनचं मलम, ०.२ टक्के, दिवसातून दोनदा. सोबत कृत्रिम अश्रूंचं जेल, आणि सुरुवातीला तेवढं अँटिबायोटिक. कृत्रिम अश्रू म्हणजे वरून घातलेलं पाणी. खरं काम मलमाचं. ते ग्रंथींवरचा हल्ला थोपवतं आणि त्यांना पुन्हा कामाला लावतं. पण ग्रंथीत जिवंत भाग काही शिल्लक असेल तरच, आणि सावकाश. चार ते सहा आठवडे, कधी तीन महिनेही. 'आणि बहुधा आयुष्यभर,' हेही डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. ते बरं केलं.

मलम लावण्याची पद्धत मात्र घरी घोळ घालत घालतच बसली. समोरून ट्यूब आली की बंड्या मान फिरवतो. म्हणून मी त्याच्या मागे बसते, त्याची पाठ माझ्या पोटाला टेकलेली. डाव्या तळव्यावर हनुवटी घेऊन तोंड किंचित वर करायचं. उजवा हात त्याच्या कपाळावर टेकवायचा, म्हणजे त्याने डोकं हलवलं तरी हात सोबत हलतो आणि ट्यूबचं टोक डोळ्यात जात नाही. वरची पापणी उचलून वरच्या बाजूने अर्धा-पाऊण सेंटिमीटर मलम सोडायचं आणि पापणी मिटू द्यायची. लगेच खाऊ. आता ट्यूबचं झाकण उघडल्याचा आवाज आला की स्वारी आपणहून येऊन बसते, अर्थात खाऊसाठी.

त्याआधी डोळे पुसणं आलंच. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापणीवर नुसता धरून ठेवायचा. चिपडं मऊ झाली की अलगद निघतात. सुकलेली ओढली तर केस आणि कातडी दोन्ही दुखतात. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. क्रम असा: पुसणं, थेंब, पाच-दहा मिनिटं थांबणं, मग जेल किंवा मलम. मलम आधी लावलं तर थेंब वरच्यावर ओघळून जातात. मलम लावताना हातमोजे, किंवा निदान नंतर हात स्वच्छ धुणं.

पहिल्या काही आठवड्यांतच डोळे इतके स्वच्छ दिसायला लागले की घरातले म्हणाले, झाला की बरा! पुढच्या तपासणीत उजवा ९ वर होता आणि डावा जेमतेम ५. दिसण्यातला फरक बराचसा अँटिबायोटिक आणि जेलचा होता. डोळा कसा दिसतो आणि पट्टी काय सांगते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे पुरतं कळलं. तेव्हापासून आमच्या घरात मलमाबद्दलचा कुठलाही वाद पट्टीच्या आकड्यावर मिटतो.

उजवा त्याच मलमावर १५ च्या पुढे गेला. डावा अडूनच बसला, तेव्हा तिथे टॅक्रोलिमस हे त्याच कामाचं दुसरं औषध सुरू झालं. काही कुत्र्यांना सायक्लोस्पोरिनपेक्षा ते जास्त लागू पडतं. बंड्याला पडलं, डावा ११-१२ च्या आसपास राहू लागला. रक्तवाहिन्या मागे हटल्या, तपकिरी डाग फिकटला पण गेला नाही. कशानेच उपयोग झाला नसता तर शस्त्रक्रियेचा पर्याय होता: लाळेची नळी वळवून डोळ्यात सोडायची. मला आधी ती थट्टाच वाटली, पण खरंच करतात. मग जेवण समोर आलं की डोळा भरून येतो, आणि लाळेतले क्षार कॉर्नियावर साचतात ते निराळंच. तिथवर वेळ आली नाही.

बाकी सवयी थोड्या बदलल्या. एसी आणि पंख्याचा झोत तोंडावर येणार नाही अशा ठिकाणी त्याची जागा हलवली. गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढणं बंद. त्याबद्दल तो अजून रुसतो. कुठल्याही कारणाने दुसऱ्या वेटकडे जायचं झालं तर हा आजार आधी सांगतो, कारण सल्फाची औषधं टाळायची असतात आणि भुलीत अश्रू आणखी कमी होतात. घरात पडून असलेले माणसांचे ड्रॉप्स तर अजिबात नाहीत. त्यात स्टेरॉइड असलं आणि कॉर्नियावर जखम असली तर डोळाच धोक्यात येतो. तो एक डोळा बारीक करून बसला, पंजाने चोळायला लागला किंवा कॉर्निया निळसर-पांढरा दिसला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलंय.

तपासणीला जाताना मलम नेहमीसारखं लावायचं, पण कृत्रिम अश्रू त्याआधी काही तास घालायचे नाहीत, नाहीतर पट्टी त्यांचीच ओल मोजते. गेल्या खेपेला डावा १० वर उतरला होता. डॉक्टरांनी औषध तेच ठेवलं, पुढची तारीख तेवढी अलीकडे घेतली.