घरची टेकडी

पुण्यातल्या जुन्या कुटुंबांना कुलदैवत असते तशी एक घरची टेकडीही असते. कोथरूड-एरंडवण्याची माणसे वेताळ टेकडीवर जातात, डेक्कन जिमखान्याची फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या हनुमान टेकडीवर, सहकारनगरची तळजाईवर. आपली टेकडी सोडून दुसऱ्यांच्या टेकडीवर सहसा कोणी जात नाही आणि गेलेच तर परत येऊन ‘तिथे हल्ली फार गर्दी असते’ असे सांगण्यासाठीच जातात. आमची टेकडी पर्वती. तीन पिढ्या आम्ही तिच्या पायथ्याच्या आसपास घरे बदलत राहिलो, वाड्यातील दोन खोल्यांतून भाड्याच्या जागेत आणि तेथून सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर. पण घरातून कुठून तरी पर्वती दिसली पाहिजे ही अट कोणी तोंडाने न घालताही पाळली गेली. सध्याचे घर पाहायला गेलो तेव्हा एजंट आम्हाला पार्किंगचे महत्त्व पटवून देत होता आणि बाबा मागच्या गॅलरीत जाऊन, मान तिरकी करून, शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीपलीकडे कळस दिसतो का ते बघत होते. कळस दिसला आणि व्यवहार ठरला.

उंचीच्या हिशेबात पर्वतीचा फार दबदबा नाही. समुद्रसपाटीपासून ती सुमारे २,१०० फूट भरते, पण पुणे शहर स्वतःच अठराशे फुटांच्या वर वसलेले असल्यामुळे आपल्या पायांच्या वाट्याला येतो तो उरलेला चढ. दगडी पायऱ्या १०३ असे सर्वत्र सांगितले जाते. आमच्या घरात बाबांची मोजणी १०३ ला संपते, माझ्या मुलीची १०५ ला. पहिली पायरी कोणती मानायची यावर दोघांचे अद्याप एकमत झालेले नाही आणि ते व्हावे असे दोघांपैकी कोणाला वाटतही नाही. हत्तीलाही चढता यावे म्हणून पायऱ्या रुंद आणि बसक्या ठेवल्या, असे म्हणतात. हत्तीची सोय झाली असेल. माणसाची मात्र पंचाईत होते, कारण एका ढांगेत पायरी पुरी होत नाही आणि दोन ढांगा टाकाव्यात तर त्या फार आखूड पडतात, म्हणून पायांना लय सापडेपर्यंत नवखा माणूस नाचल्यासारखा चढतो.

पहाटे साडेपाचला या पायऱ्यांवर जी गर्दी असते, तिच्यातला जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी होण्यासाठी आलेला असतो. पोलीस भरतीची मुले पायऱ्या धावत चढतात आणि वर पोचल्यावर एकमेकांच्या घड्याळांवर अविश्वास दाखवतात. हिमालयातील एखाद्या ट्रेकची तारीख जवळ आलेली मंडळी सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या कोंबून फेऱ्या मारतात. साखरेचा आकडा खाली आणायला आलेले काका खालच्या टपरीवर चहा घेताना ‘बिनसाखरेचा’ हा शब्द आसपासच्या सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने उच्चारतात. या सगळ्यांमधून मी चढत असते आणि मला काय व्हायचे आहे, हा प्रश्न अलीकडे मला वरचेवर पडू लागला आहे. कारण चाळिशी उलटून गेल्यावर तो कोणी दुसरा विचारत नाही.

आमच्या घरातल्या महत्त्वाकांक्षा मी याच टेकडीवर ऐकलेल्या आहेत. घरात त्यांना जागा नव्हती, हेही एक कारण असावे. बाबा पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. पहिल्या पाळीसाठी कंपनीची बस स्वारगेटला पकडायची, संध्याकाळी परत यायचे, आणि रविवारी सकाळी मला घेऊन पर्वती चढायची, असा त्यांचा आठवडा असे. वर तटाजवळच्या कठड्यावर बसले की ते उत्तरेकडे बोट करून ‘तिकडे भोसरी’ असे सांगत. मला तिकडे धूर आणि धुके याखेरीज काही दिसत नसे. भोसरीत एखादा गाळा घ्यावा, एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक हुशार पोरगा हाताशी घेऊन स्वतःचे वर्कशॉप काढावे, असे त्यांच्या मनात होते. त्यांच्या डायरीत त्या गाळ्याचा आराखडा होता, आणि तो टूलरूममधल्या माणसाने काढलेला असल्यामुळे त्यात मोजमापे मिलिमीटरमध्ये होती: लेथ कुठे, हत्यारांचे कपाट कुठे, जॉब तपासायचे टेबल खिडकीजवळ म्हणजे उजेड डावीकडून येईल, आणि कोपऱ्यात चहाच्या स्टोव्हसाठी चौकोन. मग आजोबांचे आजारपण आले, माझी इंजिनिअरिंगची फी आली, आणि गाळ्याचे भाव वाढत गेले. बाबांनी ही गोष्ट कधी तक्रार म्हणून सांगितली नाही. निवृत्तीनंतर ते सोसायटीतल्या गळक्या नळांचे आणि बिघडलेल्या मिक्सरचे वैद्य झाले आहेत. एकदा तर त्यांनी पर्वतीच्या एका पायरीवर स्टीलची पट्टी आडवी धरली, तिच्या खाली मधोमध पडलेला खळगा दुसऱ्या पट्टीने मोजला आणि इतक्या वर्षांच्या पावलांच्या मानाने झीज अगदी माफक आहे, दगड चांगल्या प्रतीचा आहे, असा दाखला दिला. मागून चढणारे लोक आमच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होते आणि बाबा वाकून, चष्मा कपाळावर चढवून, पट्टीवरचा आकडा मला वाचायला लावत होते.

बाबांना इतिहासात रस आहे तोही याच नजरेने. नानासाहेब पेशव्यांनी देवदेवेश्वराचे देऊळ १७४९ मध्ये पूर्ण केले. त्यांच्याच अमदानीत, १७५८ मध्ये, मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. आणि पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, त्यांनी याच टेकडीवर प्राण सोडला. एवढी मोठी आकांक्षा आणि तिचा एवढा मोठा शेवट ज्या ठिकाणाने पाहिला, तिथे बसून भोसरीच्या गाळ्याबद्दल हळहळत बसायला माणसाला थोडा संकोच वाटतो, आणि बाबांना पर्वती आवडण्याचे ते एक कारण असावे असा माझा तर्क आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई चालू असताना दुसरा बाजीराव ती पर्वतीवरून पाहत होता, ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि तिला आपल्या पदरचे भाष्य जोडतात: ‘मालक गॅलरीतून शॉपफ्लोअर बघायला लागला की जॉब बिघडलाच म्हणून समजा.’

आजीचे पर्वतीवर येणे वेगळे होते. नऊवारीचा ओचा सावरत, हातात कापडी पिशवी, पिशवीत फुले, बेल आणि आम्हा मुलांसाठी शेंगदाणे-गूळ, अशी ती श्रावणातल्या सोमवारी सत्तरी ओलांडल्यावरही चढत असे. कार्तिकस्वामीचे दर्शन बायकांनी घ्यायचे नाही ही जुनी रूढी ती पाळत होती, पण त्याच्या देवळावरून जाताना बाहेरूनच त्याला ‘येऊन गेले रे’ असे सांगत होती. देवाकडे तू काय मागतेस, असे मी तिला विचारले होते. परीक्षेत पहिला नंबर, निदान पावसाने शाळेला सुट्टी, असे काही मागण्यासाठीच देऊळ असते अशी तेव्हा माझी समजूत होती. ती म्हणाली, ‘पुढच्या सोमवारी परत येऊ दे, एवढंच.’ त्या वयात मला हे मागणे फारच हलके वाटले. एवढे चढून आल्यावर निदान काहीतरी घसघशीत मागावे की!

आजीला परत येणे एवढेच मागता आले, कारण आत जाण्याचा प्रश्न तिच्यापुढे कधी उभा राहिला नव्हता. तिच्या जन्माने तो आधीच सोडवलेला होता. १९२९ मध्ये याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी सत्याग्रह केला, शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज त्यात पुढे होते, तरुण एस. एम. जोशी सोबत होते, आणि ज्या पुण्याला आपल्या सुधारकांचा अभिमान आहे त्या पुण्यातल्या लोकांनी त्यांच्यावर दगड मारले. पायऱ्या चढून दारापर्यंत जायचे आणि दार उघडे सापडायचे, एवढेच त्यांना हवे होते. पर्वतीवर आलेल्या सर्व आकांक्षांमध्ये मला ती सर्वांत मोठी वाटते, पेशव्यांच्या धरूनसुद्धा. पण नेमाने वर येणाऱ्यांच्या गप्पांमध्ये अटक आणि पानिपत जितक्या वेळा येते तितक्या वेळा ती येत नाही, हे खटकते.

आई आमच्यातली सर्वांत कमी चढणारी आणि सर्वांत जास्त महत्त्वाकांक्षी. लग्नाआधी ती गाण्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा झालेली होती. पुढचे विशारद शाळेची नोकरी, आम्ही दोन भावंडे आणि सासूबाईंचे सोवळे यांत राहून गेले. सवाई गंधर्व महोत्सवाला मात्र ती रमणबागेच्या दिवसांपासून जाते; थंडीत शाल, स्वेटर आणि वर्तमानपत्राची घडी घेऊन बसायची, आणि गायकाने घेतलेली एखादी जागा घरी येताना रिक्षात पुन्हा पुन्हा गुणगुणत, चुकत, पुन्हा पकडत यायची. निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात तिने हार्मोनियमचा भाता दुरुस्त करून घेतला, क्लास लावला, आणि नातीच्या वयाच्या मुलींच्या रांगेत बसून विशारदची परीक्षा दिली. तोंडी परीक्षेला जाताना तिचे हात गार पडले होते. शाळेत चाळीस मुलांना एका नजरेत गप्प बसवणारी ही बाई त्या दिवशी माझ्या पाठीमागे स्कूटरवर तानपुऱ्याच्या षड्जासारखी एकसुरात ‘जमेल ना गं?’ एवढेच म्हणत होती. जमले.

आता तिचे गुडघे गेले आहेत, आणि गंमत अशी की या टेकडीच्या गोष्टीतच एक दुखरा पाय आहे. नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाई यांना पायाचे दुखणे होते, पर्वतीवरच्या देवीला नवस बोलल्यावर त्यांना बरे वाटले, आणि म्हणून नानासाहेबांनी वर देऊळ बांधले, अशी परंपरागत कथा आहे. आईचे या कथेवर एकच म्हणणे असते: पाय दुखत होते म्हणून देवीने बरे केले हे ठीक, पण मग देऊळ खाली बांधायला नको होते का?

माझ्या स्वतःच्या महत्त्वाकांक्षांचे सांगण्यासारखे थोडेच आहे. परदेशात जाऊन डॉक्टरेट, गच्ची असलेले घर आणि एक पुस्तक, अशी पंचविशीत माझी यादी होती. डॉक्टरेटचे अर्ज एका फाइलमध्ये आहेत, गच्चीऐवजी गॅलरी मिळाली जिच्यातली निम्मी जागा वॉशिंग मशीनने घेतली आहे, आणि पुस्तकाचे विचारले तर ‘चालू आहे’ हे उत्तर देण्यात मी आता तरबेज झाले आहे. हिंजवडीच्या नोकरीत दर वर्षी मूल्यमापनाच्या वेळी पाच वर्षांनंतर स्वतःला कुठे पाहता, हे लिहून द्यावे लागते, आणि मी तिथे अपेक्षित असलेली पदांची नावे बिनबोभाट लिहून देते. खरे उत्तर त्या रकान्यात मावणारे नाही असे नव्हे. उलट ते फारच सहज मावेल आणि वरिष्ठांना काळजी वाटेल. आजीच्या वयाला पोचल्यावर, कोणाचा हात न धरता, मधे एखाददुसऱ्या ठिकाणी दम खात, पर्वती चढता यावी आणि वर गेल्यावर पुढच्या आठवड्याचे काही ठरवावेसे वाटावे, एवढे मला हवे आहे. हलके वाटलेले ते मागणे किती गोष्टी जुळून आल्याशिवाय पुरे होत नाही, हे आता कळते. त्यासाठी गुडघे हवेत, वेळ हवा, सोबतीला कोणीतरी हवे, आणि मुख्य म्हणजे सकाळी उठून कुठेतरी जावेसे वाटायला हवे. पदोन्नती याच्या मानाने सोपी आहे. तिला निदान अर्जाचा नमुना तरी असतो.

मुलीला हे पटत नाही. ती अकरा वर्षांची आहे आणि सध्या तिला खगोलशास्त्रज्ञ व्हायचे आहे. दिवाळीपर्यंत पशुवैद्य व्हायचे होते. पर्वतीवरून सिंहगड दिसतो तसा रात्री गुरू ग्रह दिसेल का, एवढ्याच कारणासाठी तिला टेकडीत रस उरला आहे, आणि बाबा तिला दुर्बिणीसाठी स्टँड करून देण्याच्या तयारीला लागले आहेत. त्यांची डायरी पुन्हा बाहेर आली आहे. आराखडा मिलिमीटरमध्येच आहे.

आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आणि घरी व्यायाम करून घ्यायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट येते. पहिल्या दिवशी तिने कागद काढून विचारले, ‘काकू, तुमचं उद्दिष्ट काय लिहू?’ आईने क्षणभरही विचार न करता ‘पर्वती’ असे सांगितले. त्या मुलीने नम्रपणे समजावले की सध्या आपण सोसायटीचा एक जिना, कठडा धरून, असे लिहू या, पुढचे पुढे पाहू. आईने मान डोलावली. मुलगी गेल्यावर बाबांना हाक मारून तिने तो कागद मागितला, पेन मागितले, आणि ‘एक जिना’ या शब्दांपुढे कंसात, शाळेतल्या तिच्या त्या सरळ, गोल अक्षरात, ‘पहिला टप्पा’ असे लिहून कागद फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावून टाकला.