बिनआवाजाचा कीबोर्ड जोडताना

आमचं अंबाजोगाईचं घर दोन खोल्यांचं. माझं टेबल आणि ह्यांची कॉट एकाच खोलीत, मध्ये जेमतेम चार फूट जागा. हे एसटीत चालक आहेत. पहाटेची ड्यूटी असली की चारला उठतात. माझं टायपिंग सुरू होतं रात्री नऊनंतर, पोरं झोपल्यावर. प्रबंध, अर्ज, पत्रिकांचे मजकूर, येईल ते काम घेते.

आधीचा कीबोर्ड रबरी बटणांचा होता. असलं बटण जवळपास तळाला टेकवल्याशिवाय अक्षर उमटत नाही. त्यातून मी शिकले ते क्लासातल्या लोखंडी मशिनवर. तिथं जोरात बोट मारल्याशिवाय कागदावर ठसा उठत नसे. ती सवय हातातून गेलीच नाही. "अगं, आणखी किती वेळ चालायलंय?" असं ह्यांनी अंधारातून विचारलं की मी वाक्य अर्धं सोडून उठायची. दिवसभर गाडी हाकणाऱ्या माणसाची झोप आपल्यामुळे मोडावी, हे मनाला फार लागायचं.

लातूरला शिकणाऱ्या भाच्याने मार्ग सुचवला: मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली सुटा खटका, स्विच, असलेला, पण सायलेंट स्विचचा. मेकॅनिकल म्हणजे कटकट, असं मी समजून होते. ती कटकट निळ्या दांडीच्या क्लिकी स्विचची. सायलेंट स्विचमध्ये आतल्या दांडीला रबराचे बारीक तुकडे असतात. बटण खाली टेकताना आणि परत वर येताना जे आपटणं होतं, ते दोन्ही वेळा हे तुकडे झेलतात. शिवाय अक्षर साधारण अर्ध्या वाटेवरच, दोनेक मिलिमीटरवर उमटतं, म्हणजे तळापर्यंत दाबायची गरजच नाही. दाब ४५ ग्रॅमच्या आसपास. माझ्या दुखऱ्या करंगळीसाठी मला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

सुटे भाग मागवले, कारण पुढे एखादं बटण गेलं तर तेवढंच बदलता यावं. पूर्ण कीबोर्डच्या मानाने ६५ टक्के म्हणतात तो आकार, ६७ बटणं. उजवीकडचा आकड्यांचा गठ्ठा नाही, पण बाणाची बटणं आहेत. वरची आकड्यांची ओळ मात्र हवीच. मी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीत, टाइप करते आणि त्यात शिफ्ट धरून त्याच ओळीवर ज्ञ, त्र, क्ष, श्र मिळतात. देवनागरी छापलेल्या कॅप, म्हणजे बटणांच्या वरच्या टोप्या, मिळाल्या नाहीत. त्याचं वाईट वाटलं, पण अडलं नाही. एफ आणि जेवरच्या उभारलेल्या रेघा बोटांना लागल्या की डावीकडे वेलांटी आणि उजवीकडे र आपोआप सापडतात.

पार्सल आलं त्या रात्री सासूबाईंची पितळी परात घेतली, तिच्यात टॉवेल अंथरला आणि सगळे भाग त्यात मांडले. स्क्रू ज्वारीच्या दाण्याहून लहान. फरशीवर पडले असते तर गेलेच. आधी पीसीबी तपासला, म्हणजे स्विच ज्यात बसतात ती सर्किटची पाटी. केबल लॅपटॉपला लावायची आणि चिमट्याची दोन टोकं स्विचच्या खाचेच्या, सॉकेटच्या, दोन छिद्रांना टेकवायची, की पडद्यावर अक्षर येतं. ६७ वेळा केलं. कंटाळवाणं आहे, तरी करावंच. बिघाड असेल तर जोडणीआधी कळतो.

मग स्टॅबिलायझर. लांब बटणं एका कडेला दाबली तरी सरळ खाली जावीत म्हणून त्यांच्याखाली वाकवलेली तार असते. माझ्या कीबोर्डात अशी चार बटणं: स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि डावी शिफ्ट. भाच्याने फोनवर बजावलं होतं, "मामी, तार आरशावर ठेवून बघा, चारी बाजूंनी टेकली पाहिजे. आणि टोकांना ग्रीस भरपूर लावा." मी ग्रीस लावलं, आरसा मात्र राहून गेला. स्टॅबिलायझर बसवले, वरून स्विच धरून ठेवणारी प्लेट घातली, एकेक स्विच दाबत गेले, कॅप लावल्या. रात्रीचा एक वाजला होता.

अक्षरांची बटणं दाबली तर मऊ, खाली दबलेला ठप् असा आवाज. उशीवर बोट आपटल्यासारखा. आणि स्पेसबार दाबला तर खर्र! पत्र्याच्या डब्यात खिळा हलावा तसा. दर शब्दामागे एकदा तो दाबायचा आणि रात्रीच्या शांततेत नेमका तोच ऐकू येणार. पैसे वाया गेले असंच वाटलं. रडूच आलं.

दुसऱ्या रात्री पुन्हा बसले. असला स्टॅबिलायझर पीसीबीला स्क्रूने धरलेला असतो. प्लेट काढल्याशिवाय सुटत नाही आणि स्विच काढल्याशिवाय प्लेट निघत नाही. सगळे ६७ स्विच ओढून काढले. स्पेसबारची तार आरशावर ठेवली, तर एक टोक वर, मधून नखाची कड जाईल एवढी फट. बोटांनी हळूहळू दाबत सरळ केली. तीन-चार वेळा आरशावर टेकवून पाहिली. मग दोन्ही टोकांना ग्रीस. खर्र गेली.

स्विच परत बसवताना हात घाईला आले. चाचणीला माझा शब्द ठरलेला, 'शेतकऱ्यांचा': अकरा वेळा बोट, त्यात दोनदा शिफ्ट, एकदा श साठी, एकदा ऱ साठी. पडद्यावर उमटलं 'शेतकऱयांचा'. 'प्रत्येक' लिहून पाहिलं, तर 'परतयेक'. इन्स्क्रिप्टमध्ये डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडायची खूण. तोच उमटत नव्हता आणि त्याच्याविना मराठीतली बहुतेक जोडाक्षरं जुळत नाहीत. डीचा स्विच उपसला तर एक पितळी पाय आडवा होऊन सॉकेटबाहेर दुमडला होता. चिमट्याने सरळ करायला गेले तर तुटला. पाकिटात ७० स्विच होते म्हणून निभावलं. नवा घेतला, दोन्ही पाय छिद्रांवर आलेत हे उजेडात बघून सरळ खाली दाबला. 'शेतकऱ्यांचा' अख्खा उमटला.

एक सांगायचं राहिलं. माझं टेबल लोखंडी आहे आणि ते प्रत्येक ठोका मोठा करतं. जुन्या वाकळीचा चौकोनी तुकडा कापून कीबोर्डखाली घातला. स्पेसबारच्या तारेनंतर सगळ्यात जास्त फरक या तुकड्याने पडला. कोणी विचारलं तर मी सांगेन की स्विच उघडून आत ग्रीस भरायच्या भानगडीत पडू नका. तो वेळ स्टॅबिलायझरला द्या.

स्पर्श जरा मऊसर आहे. पहिले दोन दिवस बटण नक्की दाबलं की नाही, असं वाटायचं आणि मी एकच अक्षर दोनदा मारायची. आता हात हलके पडतात. परवा हे चारला उठले, मला टेबलाशी बघून दचकले. "तू कवापासून बसलीस?" म्हणाले. मी अकरापासून बसले होते.

सध्या संतकवी दासोपंतांवरचा प्रबंध टाइप करतेय. ओव्या आहेत, म्हणून डीला विसावा नाही. उरलेले दोन स्विच कुंकवाच्या रिकाम्या डबीत, टेबलाच्या खणात ठेवलेत.