कारागृहातून दत्तक जाणारी कुत्री

अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या कारागृह विभागाने २०१० साली सुरू केलेल्या ‘पपीज फॉर परोल’ या उपक्रमाविषयी मी या सुटीत नागपुरात धंतोलीच्या घरी सांगू लागलो, तेव्हा काकांनी लगेच विचारले, "अरे, गुन्हेगाराच्या हाती मुकं जनावर द्यायचं तरी कसं?" वर्धा मार्गावरील मध्यवर्ती कारागृहाची भिंत ज्यांनी आयुष्यभर बाहेरूनच पाहिली, त्यांच्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे.

तिकडे निवारा केंद्रांतील कुत्री चांगल्या वर्तणुकीच्या निवडक बंद्यांकडे सोपवली जातात आणि काही आठवडे त्यांच्याबरोबरच राहतात. खाणे, फिरवणे, अंग विंचरणे, शिकवणे हे सारे त्यांनीच करायचे असते. केंद्रातील कर्मचाऱ्याला एका वेळी कितीतरी कुत्री सांभाळावी लागतात. मार खाऊन किंवा टाकून दिल्यामुळे भेदरलेल्या, हात पुढे करताच गुरगुरणाऱ्या कुत्र्याजवळ दिवसभर शांतपणे बसून राहणे त्याला जमत नाही. बंद्याला ते जमते. माझ्या मते या उपक्रमाचे सारे मर्म या वेळातच आहे, कारण अशा कुत्र्याचा विश्वास घाईने मिळत नाही.

शेवटी अमेरिकन केनेल क्लब या श्वानविषयक संस्थेची दहा कसोट्यांची परीक्षा असते. अनोळखी माणूस जवळ आला तरी शांत राहणे, पट्टा न ओढता चालणे, हाक मारताच परत येणे, दुसरा कुत्रा दिसला तरी न बिथरणे अशा त्या कसोट्या आहेत. त्यानंतर कुत्रा एखाद्या कुटुंबात जातो. ज्याने त्याला माणसाळवले, त्यालाच त्याचा निरोप घ्यावा लागतो आणि मग नव्या भेदरलेल्या जिवापासून पुन्हा आरंभ करावा लागतो. काकांच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला देता आले नाही.

अशा प्रयोगाची सुरुवात १९८१ साली वॉशिंग्टन राज्यातील महिला कारागृहात सिस्टर पॉलिन क्विन यांच्या पुढाकाराने झाली. तरुणपणी निराधार असताना एका जर्मन शेफर्ड कुत्रीने त्यांना सावरले होते.

नागपुरात हे जसेच्या तसे चालणार नाही. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार रस्त्यावरील कुत्र्यांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागीच सोडायचे असते. परंतु मालकांनी टाकून दिलेली पाळीव कुत्री आणि अनाथ पिल्ले यांच्यापासून आरंभ करता येईल. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि प्राण्यांसाठी झटणारे कार्यकर्तेही शहरात आहेत. त्यांनी कारागृह प्रशासनाकडे निदान दोन-चार कुत्र्यांपुरता प्रस्ताव मांडावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्यासाठी मिसुरीतील नियमावली मिळवून तिचे मराठी भाषांतर करून देण्याचे काम मी आनंदाने करीन.