बाईंनी बसवलेली कडी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला आणि मी लगेच हो म्हणून बसले. स्नेहसंमेलनं, वक्तृत्व स्पर्धा, ढाल जिंकून आणलेला संघ यांवर बाकीचे लिहितीलच. मला मात्र शाळा म्हटलं की आधी आठवतो तो इमारतीमागचा मुलींचा संडास, आणि त्याच्या दाराशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन उकिडव्या बसलेल्या आमच्या शास्त्राच्या बाई. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या वेळच्या कुणालाही ते सांगायची गरज नाही, आणि छापलेलं त्यांना खपणारही नाही.

वासाचं वर्णन टाळते. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या नाकात तो अजून असेल. सकाळच्या सत्रात आम्ही तीनशेच्या आसपास मुली आणि संडास दोन. त्यातला एक कायम तुंबलेला, दुसऱ्याच्या दाराला कडी नाही. नळाचं पाणी मधल्या सुट्टीपर्यंतच. म्हणून करंगळी वर करून परवानगी मिळाली तरी जायचं ते जोडीनंच. एक आत, दुसरी बाहेरून दार पायानं दाबून उभी. (माझी जोडीदारीण एकदा घंटा झाली म्हणून दार सोडून पळाली होती. हे वाचत असशील तर ऐक, मी अजून विसरलेले नाही.) बहुतेकींनी सोपी वाट काढली होती. घरून निघाल्यापासून पाण्याचा थेंब प्यायचा नाही.

सातवीत असताना शेवटच्या तासाला बाई बाकांमधून फिरत होत्या. ‘उत्सर्जन संस्था’ चालू होती असं लिहायला मला आवडलं असतं, पण चालू होतं चुंबकत्व. बाईंनी सहज माझी पाण्याची बाटली उचलली. भरलेली. शेजारणीची उचलली, तीही काठोकाठ. मग त्या रांगेतली प्रत्येक बाटली त्यांनी हातात धरून पाहिली, खाली ठेवली आणि उत्तर ध्रुव-दक्षिण ध्रुव पुढे सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला थांबवून घेतलं. पर्समधून कागदात गुंडाळलेली कडी काढली, चार स्क्रू काढले. “दार धर गं घट्ट.” पण दाराचं लाकूड ओल धरून भुसभुशीत झालेलं, स्क्रू नुसता गरगर फिरे. बाईंनी काडेपेटी काढली, तीन काड्यांची गुलं मोडून टाकली, काड्या भोकात ठोकल्या आणि त्यांवर स्क्रू पिळला. गच्च बसला. “आत जा, लाव, ओढून बघते.” मी आतून कडी लावली. बाईंनी बाहेरून दोनदा दार ओढलं. शाळेच्या संडासात मी पहिल्यांदाच एकटी, दार लावून उभी होते.

मग साबण. वडी ठेवली की संध्याकाळपर्यंत गायब. बाईंनी ती जुन्या मोज्यात घातली, गाठ मारली आणि मोजाच नळाला बांधून टाकला. ओल्या मोज्यावर हात घासायचे आणि वीस आकडे मोजायचे. पाण्यासाठी झाकणाचं पिंप आलं. कोपऱ्यात झाकणाचा डबा आला. तो कशासाठी, ते बाईंनी मुलींना थांबवून दोन वाक्यांत सांगितलं. त्या महिन्यापासून पाळीच्या दिवसांत घरी राहणाऱ्या आमच्यातल्या दोघी शाळेत यायला लागल्या. बाकीच्या शिक्षकांनीही आम्हाला खूप काही शिकवलं असणारच.

आज मी मुलांची डॉक्टर आहे. पोटदुखी, लघवीला जळजळ, अंथरूण ओलं होणं अशा तक्रारी घेऊन पालक येतात, आणि माझा पहिला प्रश्न असतो, “शाळेत शूला जातोस का रे?” मूल आईकडे बघतं आणि मान हलवतं. दहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयाची क्षमता ढोबळमानाने 360 मिलिलिटर धरतात. वयात 2 मिळवायचे आणि 30 नं गुणायचं. ते तासन् तास तुंबवून ठेवलं की जंतूंना वाढायला आयता वेळ मिळतो. शौचाला जायचंही टाळलं की खडा धरतो, भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं आणि दुखणं दुप्पट होतं. औषध मी देते, पण पुष्कळदा चिठ्ठीवर खरं तर ‘दाराला कडी’ असं लिहायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत 25 मुलींमागे एक संडास म्हटलंय. त्या हिशेबानं आम्हाला बारा हवे होते. बाईंनी एक चालू करून दिला.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आले. आता मागं फरशी लावलेला नवा विभाग आहे, दारं नवी, कड्या चकचकीत, भिंतीवर देणगीदारांचा संगमरवरी फलक. आणि बाहेर कुलूप. “मुलं घाण करतात, म्हणून किल्ली ऑफिसात ठेवतो,” शिपाईमामा म्हणाले. बेसिनपाशी साबण नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की सभागृहातला सत्कार नीट घेताच आला नाही. महोत्सवाची देणगी मी पाठवते आहे, पण ती कमानीला लावू नका. साबणाला आणि रोज सफाई करणाऱ्या माणसाच्या पगाराला लावा, आणि ते कुलूप काढा.

हे लिहून झाल्यावर बाईंना फोनवर वाचून दाखवलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे जवळजवळ ओरडूनच. शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काड्या दोन होत्या, तीन मावल्याच नसत्या. आणि स्क्रू ड्रायव्हर शाळेचा नव्हता, माझा होता. तेवढं नीट लिही.”