बर्लिनच्या प्रदर्शनात फोंड्याचे प्रश्न

२०२५ साली चवथ २७ ऑगस्टला आली. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असल्यामुळे विसर्जन, गणपतीवर बांधलेली फळापानांची माटोळी उतरवणे आणि पाहुण्यांची पाठवणी हे सगळे महिना संपण्याआधीच आटोपले, आणि ५ ते ९ सप्टेंबर या काळात बर्लिनमध्ये भरणाऱ्या ‘इफा’ या इलेक्ट्रॉनिक्स व गृहोपकरणांच्या प्रदर्शनाला कामासाठी जाणे मला शक्य झाले. मी गोव्यातल्या फोंड्यात घरगुती विद्युत उपकरणे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका आस्थापनात सेवाविभाग सांभाळते. आमच्या व्यवसायात अशा प्रदर्शनांना बहुधा खरेदी पाहणारी माणसे जातात, कारण नवे काय येणार आणि कोणत्या दराने मिळणार हे त्यांना जाणून घ्यायचे असते. या वेळी शेठनी मला जायला सांगितले. यंत्र विकताना काय सांगायचे हे कंपन्यांचे लोक इथे येऊन शिकवतातच. ते यंत्र आपल्याकडच्या तिसऱ्या पावसाळ्यात कसे वागेल हे विचारणारे कोणीतरी तिथे गेले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे मला मनापासून पटले. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात घरातली हवा इतकी दमट असते की दोरीवरचे कपडे दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही वास धरतात, टीव्हीच्या मागच्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो आणि बंद ठेवलेले यंत्र चालू ठेवलेल्या यंत्रापेक्षा लवकर बिघडते. मिरामार, वास्को, कळंगुट अशा समुद्रालगतच्या भागांत खाऱ्या वाऱ्यामुळे एसीच्या आउटडोअर युनिटची पाती काही वर्षांतच भुसभुशीत होतात, कारण तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमची पाती एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांच्यात खारट ओलावा शिरला की त्या दोन धातूंपैकी ॲल्युमिनियम झिजत जाते. त्यात मे आणि ऑक्टोबरातल्या विजा, खालीवर होणारा विजेचा दाब, पीसीबीवर म्हणजे यंत्रातल्या सर्किट-बोर्डावर शिरणाऱ्या मुंग्या आणि पाली. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारींचे मूळ यंत्राच्या रचनेपेक्षा या परिस्थितीत असते, आणि ग्राहकाला त्याची कल्पना खरेदीच्या वेळी कोणीही दिलेली नसते.

लास वेगासला दर जानेवारीत भरणारे ‘सीईएस’ हे इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन अधिक गाजते, परंतु आमच्या दृष्टीने बर्लिनचे प्रदर्शन अधिक उपयोगाचे आहे असे माझे मत झाले. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. युरोपात ती आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते, त्यामुळे तिथे मांडलेले कपडे धुण्याचे यंत्र किंवा फ्रिज विजेच्या बाबतीत तरी आपल्या घरात तसेच्या तसे चालू शकते. शिवाय ‘सीईएस’ व्यवसायातल्या लोकांपुरते मर्यादित असते, तर ‘इफा’ला तिकीट काढून कोणालाही जाता येते. मुलांना घेऊन आलेली कुटुंबे, निवृत्त जोडपी, विद्यार्थी असे सगळे त्या दालनांतून फिरत होते आणि विक्रेत्यांना थेट प्रश्न विचारत होते. एक आजीबाई धुण्याच्या यंत्राचा गाळणीचा कप्पा वाकून उघडता येतो का, हे स्वतः उघडून पाहत होत्या. त्यांच्या शेजारी उभे राहून मला जे कळले, ते माहितीपत्रकांत नव्हते.

या प्रदर्शनाची पहिली आवृत्ती डिसेंबर १९२४मध्ये भरली. त्या काळी ते केवळ रेडिओचे प्रदर्शन होते, आणि धातूमुळे रेडिओलहरींच्या ग्रहणात अडथळा येऊ नये म्हणून त्यासाठी लाकडी सभागृह बांधले होते. ते १९३५च्या आगीत जळाले. १९२६मध्ये उभारलेला फुंकटुर्म हा रेडिओ मनोरा मात्र आजही त्याच आवारात उभा आहे. १९३०च्या प्रदर्शनाचे उद्घाटन आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी केले होते. विज्ञानाची फळे सहज वापरणाऱ्या पण ती कशी घडली याबद्दल, आवडीने झाडपाला खाणाऱ्या गाईला वनस्पतिशास्त्र कळते तितकेच जाणणाऱ्या लोकांना लाज वाटली पाहिजे, असे त्यांनी त्या भाषणात बजावले होते. १९६३मध्ये फिलिप्सने कॅसेट प्रथम इथेच दाखवली. पुढे तीच कॅसेट गोव्यात घरोघरी पोचली, तिच्यावर नाट्यगीते, भजने आणि तियात्रे म्हणजे कोंकणी संगीतनाटके वाजली आणि पावसाळ्यात त्याच फितींवर पांढरी बुरशी चढली. आमच्या दुकानाच्या जुन्या नोंदवह्यांत टेपरेकॉर्डरच्या दुरुस्त्या जून-जुलैत वाढलेल्या दिसतात. १९६७मध्ये तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विली ब्रँट यांनी बटण दाबून पश्चिम जर्मनीत रंगीत प्रक्षेपणाचा प्रारंभ केला तोही इथूनच, आणि तिथे वापरलेली ‘पाल’ (पीएएल) ही रंगीत प्रक्षेपणाची प्रणालीच १९८२मध्ये भारतातल्या रंगीत दूरदर्शनने स्वीकारली. म्हणजे या आवारात जे ठरते ते दशका-दोन दशकांत आपल्या दिवाणखान्यात येते, असा अनुभव जुना आहे. म्हणूनच ते ठरत असताना आपले प्रश्न तिथे मांडले गेले पाहिजेत, असे मला फार वाटते.

माझा सर्वाधिक वेळ कपडे सुकवणाऱ्या यंत्रांपाशी गेला. गोव्यात ड्रायर अजून फारच थोड्या घरांत आहेत, पण लहान बाळ असलेल्या किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबांकडून पावसाळ्यात त्यांची विचारणा दरवर्षी वाढते आहे. जुन्या पद्धतीच्या ड्रायरमध्ये विजेच्या तारेने हवा तापवतात, ती ओल्या कपड्यांतून फिरवतात आणि मग वाफेने भरलेली ती हवा बाहेर सोडतात किंवा खोलीतल्या हवेने थंड करून तिच्यातले पाणी वेगळे काढतात. दोन्ही प्रकारांत तापवण्यावर खर्च झालेली ऊर्जा हातची जाते. उष्मापंपाच्या ड्रायरमध्ये फ्रिजप्रमाणे कॉम्प्रेसर आणि शीतक वायूचे बंद चक्र असते. ड्रममधून आलेली दमट हवा आधी थंड कॉइलवरून जाते, तिथे तिच्यातले पाणी टाकीत गळते, आणि तीच कोरडी झालेली हवा पुढच्या गरम कॉइलवरून तापून पुन्हा ड्रममध्ये शिरते. वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता अशी परत वापरली गेल्यामुळे वीज निम्म्याहून कमी लागते. वेळ अधिक लागतो, परंतु हवा फार तापत नसल्याने सुती कापड कमी झिजते. युरोपीय संघात १ जुलै २०२५पासून बाजारात आणले जाणारे नवे घरगुती ड्रायर उष्मापंपावरच चालणारे असावे लागतात, त्यामुळे तिथे मांडलेल्या यंत्रांत दुसरा प्रकार जवळजवळ दिसलाच नाही.

मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न आधी विचारत होते: खोलीचे तापमान किती असेपर्यंत हे यंत्र नीट चालते? बहुतेकांनी ३५ अंश सांगितले, काहींनी माहितीपुस्तिका उघडून दाखवली. याचे कारण असे की, खोली जितकी गरम तितका चक्रातल्या वायूचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरला सुरक्षिततेसाठी थांबावे लागते. ही मर्यादा ऐकल्यावर प्रथम वाटते की गोव्यात हे यंत्र टिकणार नाही, पण आपल्याकडे ड्रायरची गरज नेमकी त्याच महिन्यांत असते जेव्हा घरातले तापमान २८-३० अंशांच्या आसपास राहते. मे महिन्यात अंगणातले ऊन पुरेसे असते. दुसरी गोष्ट वायूची. अनेक नव्या ड्रायरमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो. जागतिक तापमानवाढीवर त्याचा परिणाम जुन्या वायूंच्या तुलनेत नगण्य असतो, मात्र तो ज्वलनशील असल्यामुळे दुरुस्तीची पद्धत बदलावी लागते. चक्र पूर्ण रिकामे करून नायट्रोजन फिरवल्याशिवाय त्यावर ज्योत धरता येत नाही. प्रोपेनवर चालणारे एसी भारतात २०१२पासून विकले जात आहेत, तरी आमच्या अनेक मेकॅनिकांचा हात अजून आर-२२ या जुन्या, न पेटणाऱ्या वायूच्या काळातल्या सवयींनी चालतो. ड्रायर मागवण्याआधी हे प्रशिक्षण द्यावे लागेल, असे मी तिथूनच शेठना कळवले.

फ्रिजच्या दालनात मला एका साध्या अक्षराचे महत्त्व नव्याने जाणवले. प्रत्येक फ्रिजच्या आतल्या पट्टीवर हवामान-वर्ग लिहिलेला असतो: ‘एन’ म्हणजे भोवतालचे तापमान १६ ते ३२ अंश, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ अंश आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३ अंश. पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या नाहीतर गॅसच्या शेजारी ठेवलेल्या फ्रिजसाठी ‘टी’ असणे आवश्यकच आहे. भारतात रीतसर विकल्या जाणाऱ्या फ्रिजवर ते बहुधा असते. परदेशातून सामानासोबत आणलेल्या फ्रिजवर मात्र कित्येकदा नसते. आखातातून किंवा पोर्तुगालहून परतताना घरचे सामान घेऊन येणाऱ्या गोवेकरांनी ही पट्टी आधी वाचावी, एवढे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

खाऱ्या हवेचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. घर तापवण्या-थंडावण्यासाठीच्या उष्मापंपांची आउटडोअर युनिटे तिथे बरीच होती आणि त्यांच्या कॉइलवर लेप दिलेला आहे असे सगळेच सांगत होते. लेपाची कसोटी घेण्यासाठी आयएसओ ९२२७ ही मान्य पद्धत आहे, तिच्यात ३५ अंश तापमानाच्या पेटीत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा तासन्‌तास मारला जातो. किती तास मारला, असे विचारल्यावर मोजक्याच लोकांनी आकडा सांगितला, आणि पाती कापली जातात त्या उघड्या कडांवर लेप असतो का, या पुढच्या प्रश्नाला फारच कमी ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळाले. एका तरुण अभियंत्याने मात्र कॉइलचा कापलेला तुकडा हातात देऊन कडा दाखवली आणि आमच्याकडच्या गंजलेल्या कॉइलची छायाचित्रे माझ्याकडून मागून घेतली. त्या अर्ध्या तासाच्या बोलण्याचे मोल मला मोठे वाटते.

पायऱ्या चढणारे झाडलोटीचे यंत्रमानव, भिंतभर टीव्ही आणि प्रत्येक वस्तूला जोडलेले ‘एआय’ यांच्याभोवती गर्दी होती. यंत्रमानवाने आमच्या जुन्या घरांचा उंबरा ओलांडला तर चांगलेच आहे, परंतु तो विकण्याची घाई करावी असे मला वाटले नाही.

त्याहून कितीतरी लक्षपूर्वक मी सुट्या भागांच्या नियमांची माहिती घेतली. युरोपीय संघात मार्च २०२१पासून धुण्याच्या यंत्रांचे ठरावीक भाग त्या मॉडेलची शेवटची प्रत बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात आणि मागणी आल्यावर कामकाजाच्या १५ दिवसांत पुरवावे लागतात. फ्रिजच्या पीसीबी व संवेदकांसाठी ही मुदत ७ वर्षांची आणि दाराच्या रबरी पट्टीसाठी १० वर्षांची आहे. जून २०२५पासून स्मार्टफोनवरही दुरुस्तीसुलभतेची श्रेणी छापावी लागते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण आपल्या ताऱ्यांच्या पट्टीवरून यंत्र किती वीज खाते एवढेच कळते, त्याचा पीसीबी सहा वर्षांनी मिळेल की नाही हे कळत नाही. पाचव्या वर्षी पीसीबी मिळत नाही म्हणून धडधाकट ड्रम आणि मोटर असलेले यंत्र भंगारात जाताना पाहणे हा माझ्या नोकरीतला सर्वांत क्लेशदायक भाग आहे. हप्ते फेडून ते घेतलेल्या ग्राहकाच्या चेहऱ्याकडे त्या वेळी पाहवत नाही.

परत आल्यावर आम्ही आमच्या सर्व पुरवठादारांना एक पत्र पाठवले. हवामान-वर्ग, भोवतालच्या तापमानाची कमाल मर्यादा, खाऱ्या फवाऱ्याच्या कसोटीचे तास आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील, एवढीच माहिती त्यात लेखी मागितली आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेकांकडून आली. सुट्या भागांबाबत एका उत्पादकाने कळवले की १० वर्षांची हमी त्या यंत्राच्या युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रतींपुरतीच आहे, जरी भारतात येणाऱ्या यंत्राचा पीसीबी त्याच क्रमांकाचा असला तरी. त्याच क्रमांकाचा भाग असेल तर तो गोव्यातल्या ग्राहकालाही त्याच मुदतीपर्यंत का देता येऊ नये, हे विचारणारे दुसरे पत्र आम्ही धाडले आहे. ज्यांनी लेखी उत्तर दिले त्यांची मुदत आता आमच्या पावतीवर छापली जाते, आणि ज्यांनी दिले नाही त्यांच्या यंत्रासमोर ‘माहिती मिळालेली नाही’ असे लिहिलेले असते. विक्रीच्या काउंटरवरील सहकाऱ्यांना सुरुवातीला याची धास्ती वाटत होती, परंतु ग्राहक ती ओळ वाचून थांबतात, प्रश्न विचारतात आणि मग निवड करतात.